रफ वही आणि रोजचा मेळ: कागदी वहीत नियोजन आणि रोजनिशी कशी सुरू करावी

जानेवारीत घरोघरी डायऱ्या येतात. बँकेची, पतसंस्थेची, विमा एजंटाने आठवणीने आणून दिलेली. त्यातली सगळ्यांत देखणी आपण ठेवून घेतो, १ जानेवारीच्या पानावर सुवाच्य अक्षरात चार संकल्प लिहितो आणि संक्रांतीचे तिळगूळ संपेपर्यंत पानं कोरी राहायला लागतात. माझ्या कपाटात अशा नऊ डायऱ्या साठल्या होत्या. एकीतही फेब्रुवारीचं पान लिहिलेलं नव्हतं. आपल्यात चिकाटीच नाही, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

मग बार्शीच्या घरी माळा आवरताना अण्णांच्या दुकानाच्या जुन्या वह्या हाती लागल्या. लाल कापडाची बांधणी, पिवळे पडलेले लांबोडके कागद. वडिलांचं भुसार मालाचं दुकान होतं आणि ज्या दिवशी दुकान उघडलं, त्या दिवसाची नोंद वहीत आहेच. पण त्या वहीवर तारखा छापलेल्या नव्हत्या. आम्ही लग्नाला गावी गेलो आणि दुकान आठ दिवस बंद राहिलं, तर वहीत आठ पानं कोरी राहत नसत. परत आल्यावर अण्णा रेघ मारत, खाली नवी तारीख टाकत आणि पुढे लिहीत. छापील डायरी चुकलेला प्रत्येक दिवस कोरं पान बनवून आपल्यासमोर ठेवते. पाच-सहा कोरी पानं दिसली की वही उघडावीशीच वाटत नाही.

अण्णांच्या वहीत तीन कामं ठरलेली होती. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने टिपायचं, ही कीर्द. त्यातल्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन मांडायच्या, ही खतावणी. आणि रात्री दुकान वाढवताना गल्ला मोजून वहीशी जुळवायचा, हा मेळ. पुस्तपालनात जर्नल या शब्दाला मराठी शब्दच रोजकीर्द हा आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात गुंडाळलेली कागदांची गाठोडी, बांधून ठेवलेले आहेत. म्हणजे ज्याला आज जर्नलिंग म्हणतात, ते आपल्याकडे दुकानात आणि दरबारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम आहे. गेली सहा वर्षं मी माझी वही या तीन कामांवर चालवते आहे. ती कशी सुरू करायची, ते इथे बैजवार सांगते.

समाजमाध्यमांवर दिसणाऱ्या रंगीत पानांबद्दल आधीच एक सांगायला हवं. रायडर कॅरोल या न्यूयॉर्कच्या डिझायनरने २०१३ मध्ये ‘बुलेट जर्नल’ नावाने एक पद्धत लोकांपुढे ठेवली. तिच्या नावाने आज ब्रशपेनने काढलेली फुलं, चिकटपट्ट्या आणि सुलेखन दिसतं. त्याची हौस असेल तर जरूर करा, पण मूळ पद्धतीला एक वही आणि एक पेन एवढंच लागतं. तिच्यातल्या काही खुणा मी घेतल्या आहेत. बाकी घडी अण्णांचीच.

वही कोणती घ्यायची

शाळेत आपल्याकडे दोन वह्या असायच्या, रफ आणि फेअर. फेअर वहीला खाकी कव्हर, समास, अधोरेखन. रफ वहीत गणिताची आकडेमोड, मागच्या पानावर फुली-गोळा, मधेच कुणाचा तरी पत्ता. खरा विचार रफ वहीत व्हायचा. आपल्याला रफ वही हवी आहे. वही निवडताना हाच निकष लावा: हिच्यात ‘दूध २ लिटर’ लिहायला माझा हात कचरेल का? कचरणार असेल, तर ती वही कितीही सुंदर असली तरी दुकानातच राहू द्या. हातकागदाच्या, चामडी बांधणीच्या वह्या मला फार आवडतात, पण मी त्या भेट द्यायला घेते.

आकार ए५ घ्या, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. नेहमीच्या झेरॉक्सच्या कागदाची मधोमध घडी घातली की हाच आकार होतो. पर्समध्ये किंवा ऑफिसच्या बॅगेत मावतो आणि एका पानावर एक दिवस ऐसपैस बसतो. लाँगबुक घरी टेबलावर ठेवायला चांगलं, पण ते सोबत हिंडत नाही. खिशातली छोटी डायरी सोबत हिंडते, पण तिच्यात चार ओळींपलीकडे मन मोकळं करता येत नाही.

कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. ए४ कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणून ८० जीएसएमच्या ए४ कागदाचं वजन बरोबर ५ ग्रॅम भरतं. साध्या शालेय वह्यांचा कागद साधारण ५५ ते ६० जीएसएमचा असतो. त्यावर बॉलपेन उत्तम चालतं, पण शाईपेन पलीकडच्या पानावर उमटतं. शाईपेनाने लिहिणार असाल तर ७० ते ८०च्या पुढचा कागद बघा. मात्र जीएसएम जास्त म्हणजे कागद शाईला चांगला, असं सरसकट नसतं. कागदावरची खळ चांगली असेल तर पातळ कागदही शाई नीट धरतो. त्यामुळे दुकानात आपलं पेन घेऊन जा आणि विचारून शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहून बघा. अक्षराच्या कडा मुंगीच्या पायांसारख्या फुटल्या, तर ती वही तुमच्या पेनाची नव्हे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर वह्यांची दुकानं ओळीने आहेत. तिथे कागदाला हात लावून बघता येतो, हे ऑनलाइन खरेदीत जमत नाही.

बांधणी शिवलेली हवी. मधोमध दोन पिना मारलेली वही तीन महिने रोज उघडझाप केली की पिनांपाशी फाटते. स्प्रिंगची वही सपाट उघडते, पण डावीकडच्या पानावर लिहिताना हाताला स्प्रिंग टोचते. डावखुऱ्यांना तर उजव्या पानावर. रेघांचं म्हणाल तर एकरेघी चालते, पण माझं मत गणिताच्या चौकटीच्या वहीला. तक्ते आखायला पट्टी लागत नाही आणि देवनागरीच्या शिरोरेषेला चौकटीची वरची रेघ आयतीच मिळते.

बाजारात मनासारखी वही मिळाली नाही, तर कॉलेजजवळच्या बाइंडिंगवाल्याकडे जा. ए४चे ४८ कागद द्या, आठ-आठ कागदांच्या सहा घड्या करून शिवायला सांगा. १९२ पानांची वही तयार होते. रोज एक पान धरलं तर सहा महिने पुरते. माझ्या शेवटच्या चार वह्या अशाच शिवून घेतलेल्या आहेत.

पेनाबद्दल थोडक्यात. घरात आहे त्या पेनाने सुरुवात करा. फक्त पावसाळ्याचा विचार ठेवा. कोकणात, मुंबईत जुलैच्या दमट हवेत कागद ओल धरतो आणि पाण्यात विरघळणारी शाई पसरते. बॉलपेनची तेलकट शाई आणि पेन्सिल, दोन्हींना पाण्याचं भय नाही. एकदा छत्री असूनही माझी बॅग भिजली. शाईपेनाने लिहिलेल्या पानांवर निळे ढग उरले आणि त्याच पानांवरची पेन्सिलची नोंद जशीच्या तशी होती. तेव्हापासून जून ते सप्टेंबर बॉलपेन.

पहिल्या संध्याकाळी काय करायचं

अर्धा तास पुरतो.

पहिलं पान सगळ्यांत अवघड असतं, म्हणून ते आधी वापरून टाका. पेन चालवून बघा, तिरक्या रेघा ओढा, मुलांना चित्र काढायला द्या. कोपऱ्यात ‘सापडल्यास कृपया कळवा’ आणि मोबाइल नंबर लिहा. घरचा पत्ता लिहू नका. एटीएमचा पिन, पासवर्ड, आधार क्रमांक या वहीत कुठेही लिहायचे नाहीत, अगदी सांकेतिक करूनसुद्धा. वही हरवू शकते.

पुढची चार पानं खतावणीसाठी राखून ठेवा. आज ती कोरीच राहतील. त्यानंतरच्या पानापासून कोपऱ्यात पृष्ठक्रमांक घाला. सगळ्या वहीला एका बैठकीत घालू नका, वीस पानांना घाला. पुढचे लिहिता लिहिता पडतात.

आता महिन्याचं पान. डाव्या कडेला वरून खाली १ ते ३१ आकडे लिहा, शेजारी वाराचं पहिलं अक्षर. एक ओळ म्हणजे एक दिवस. यात फक्त तारखेला बांधलेल्या गोष्टी येतात: हप्त्याची तारीख, लाइटबिलाची शेवटची मुदत, डॉक्टरांची भेट, बारसं, परीक्षा. त्या शोधायला कुठे जायचं? भिंतीकडे बघा. कालनिर्णय १९७३ पासून आपल्या भिंतीवर आहे आणि मराठी घरातलं नियोजन आजवर त्याच्याच चौकटींत झालेलं आहे. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी, पेपरवाल्याला दिलेले पैसे. माझी आई आयुष्यात कधी ‘प्लॅनर’ म्हणाली नाही, पण सिलिंडर किती दिवस पुरतो हे तिला कुठल्याही महिन्यात सांगता यायचं. घरातल्या सगळ्यांना दिसायला हवं ते भिंतीवर राहू द्या. तुमच्या एकट्याच्या जबाबदारीचं असेल ते वहीत उतरवा.

महिन्याच्या पानासमोर एक पान ‘या महिन्यात’ म्हणून ठेवा. तारीख नसलेली पण मनात घोळणारी कामं इथे येतील. सुचतील तशी लिहा, क्रम लावू नका. बहुतेकांना पहिल्यांदा पंचवीस-तीस सुचतात आणि छाती दडपते. तसंच बसून राहा, पाच मिनिटांत यादी आटते. मग त्यातल्या या महिन्यात खरोखर होतील अशा सहा-सातांपुढे छोटं टिंब द्या. बाकीची तिथेच असू द्यात, ती पळून जात नाहीत.

झालं. वही मिटा. रोजनिशी उद्यापासून.

दिवसाची कीर्द

सकाळी चहा घेताना वार आणि तारीख टाका. खाली आजची कामं, एका ओळीत एक. दिवसभरात जे घडेल, कळेल, सुचेल तेही त्याच यादीत, त्याच क्रमाने. कामाची वेगळी वही, घरची वेगळी, मुलांच्या शाळेची तिसरी असं करू नका. मी केलं होतं. हवी ती नोंद नेहमी दुसऱ्या वहीत निघायची.

खुणा पाचच पुरतात. टिंब म्हणजे काम. काम झालं की टिंबावर फुली. पुढे ढकललं तर बाण. ठरलेल्या वेळेच्या गोष्टीला गोल. आणि नुसतीच टिपण असेल तर आडवी रेघ. रद्द झालेलं काम सरळ खोडायचं. माझं एका पावसाळी दिवसाचं पान असं होतं:

मंगळवार, ८ जुलै
× गॅस बुक करणे
× आईच्या बीपीच्या महिन्याच्या गोळ्या आणणे
> गच्चीच्या गळतीचं पत्र सेक्रेटरींना देणे
• रेनकोटची चेन दुरुस्तीला टाकणे
○ सं. ६ पालकसभा
– चाचणी २१ पासून. विज्ञानाला प्रकल्प आहे
– तूरडाळ डबा तळाला
× मावशींचा वाढदिवस, फोन करणे

काम लिहिताना शेवटी क्रियापद हवंच. ‘बँक’ एवढंच लिहिलेलं काम आठवडाभर पानावरून हलत नाही, कारण रोज ते वाचताना नेमकं काय करायचं याचा विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. ‘बँकेत केवायसीसाठी पॅनची झेरॉक्स देणे’ असं लिहिलं की पाय आपोआप वळतात. आणि एका दिवसाला पाच-सहा कामांपेक्षा जास्त लिहू नका. नोकरी, स्वयंपाक, येण्याजाण्याचे दोन तास हे कुठे लिहिलेले नसतात, पण दिवस तेच खातात.

मोबाइलचं काय करायचं, असं बऱ्याच जणी विचारतात. गजर, ऑफिसच्या मीटिंगा, बिलाची आठवण ही कामं मोबाइलच चांगली करतो, त्याच्याकडेच राहू द्या. वही ऐन वेळी वाजून उठवणार नाही. काय करायचं आणि काय सोडायचं, हे ठरवण्याची जागा म्हणजे वही. दुपारी बाहेर असताना काही सुचलं आणि वही जवळ नसली, तर मी तिकिटाच्या मागेही लिहिते. रात्री ती चिठ्ठी वहीत उतरली की काम झालं.

रात्रीचा मेळ

या लेखातला हा भाग तुमच्याकडून सुटू नये असं मला मनापासून वाटतं. वह्या बंद पडतात त्या बहुधा इथेच. सकाळी लिहायला उत्साह असतो, रात्री जुळवायला बसत नाही, मग सकाळची पानं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

अण्णा गल्ला मोजत तेव्हा आम्ही मुलं जेवायला थांबलेलो असायचो. दहा रुपयांचा फरक आला तरी ते उठत नसत. त्यांना त्या दहा रुपयांची चिंता नसायची. फरक कुठला हे आज आठवतं, उद्या आठवत नाही, म्हणून आजच शोधायचा, एवढंच ते सांगत. आपल्या मेळालाही हेच लागू आहे. सात-आठ मिनिटं लागतात. जेवणानंतर, भांडी आवरून झाल्यावर, अंथरुणावर पडण्याआधी. वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाच्या शेपटाला बांधा. मी रात्री विरजण लावते आणि तिथेच ओट्याशी वही उघडते.

आजची यादी वरून खाली वाचा. झालेल्यावर फुली. न झालेल्या प्रत्येक टिंबाला एक प्रश्न: हे अजून करायचं आहे का? नसेल तर खोडा. असेल तर बाण काढा आणि उद्याच्या तारखेखाली ते पुन्हा हाताने लिहा. हे पुन्हा लिहिणं कंटाळवाणं आहे आणि त्या कंटाळ्याचाच उपयोग आहे. मोबाइलमधलं न झालेलं काम न सांगता उद्यावर सरकतं, वर्षभर सरकत राहतं. हाताने तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की आपण थांबतो. माझा नियम असा, की तीनदा बाण झाला की चौथ्यांदा तसंच लिहायचं नाही. एकतर ते काम फोडायचं, किंवा दुसऱ्याला सांगायचं, किंवा सोडून द्यायचं. गळतीचं पत्र माझ्याकडून तीनदा ढकललं गेलं होतं. चौथ्या दिवशी मी ‘गळतीचे दोन फोटो काढणे’ एवढंच लिहिलं. फोटो काढल्यावर पत्र दहा मिनिटांत झालं.

उद्याची कामं रात्रीच लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांतल्या कामांची यादी लिहिली, काहींनी उरकलेल्या कामांची. करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. प्रयोग लहान आहे, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण रात्री दोनला ‘गॅस बुक केला का’ म्हणून जाग आलेली असेल, तर तुम्हाला तो पटेल.

रोजनिशी: मेळाखालच्या तीन ओळी

मेळ झाला की खाली जी जागा उरते तिथे रोजनिशी. वेगळं पान नको, वेगळी वही नको. ‘आज काय लिहू?’ हा प्रश्न रोज पडतो, म्हणून त्याचं उत्तर एकदाच ठरवून टाका: आज दिसलेली एक गोष्ट, कानावर पडलेलं एक वाक्य आणि त्यातून मनात उमटलेलं जे असेल ते. तीन ओळी.

‘आज खूप छान वाटलं’ असं लिहाल तर सहा महिन्यांनी त्यातून काही हाताला लागणार नाही. त्या ८ जुलैच्या पानावर मी लिहिलं आहे: ‘पालकसभेला एक आजोबा नातवासाठी आले होते, धोतर भिजलेलं. बाईंनी सांगितलेलं सगळं बसच्या तिकिटावर लिहून घेत होते. मला अण्णा दिसले, मी वळून खिडकीबाहेर बघितलं.’ आठवण आली, वाईट वाटलं असं काही त्यात नाही, पण आजही ते वाचताना वर्गातला ओल्या कपड्यांचा वास येतो. जे घडलं ते लिहा. भाव त्यात आपला आपण उतरतो.

भाषा घरचीच ठेवा. मनातल्या मनात वऱ्हाडीत बोलत असाल तर वऱ्हाडीत लिहा, मालवणीत भांडत असाल तर मालवणीत. प्रमाण मराठीत लिहायला गेलं की निबंध होतो आणि निबंधात माणूस खरं सांगत नाही. शुद्धलेखन तपासू नका. परदेशात राहणारी माझी एक मैत्रीण दिवसभर इंग्रजीत काम करते आणि रात्रीच्या तीन ओळी तेवढ्या मराठीत लिहिते. मुलाशी बोलताना न आठवणारे शब्द लिहिताना आठवतात, असं ती सांगते.

कधी तीन ओळी पुरत नाहीत. घरात मोठं भांडण होतं, कोणी जातं, नोकरीत अपमान होतो. अशा वेळी मेळ राहू द्या आणि लिहा. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत त्रासदायक घटनेबद्दल न थांबता लिहायचं. ज्यांनी घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. पण लिहून उठल्याबरोबर त्यांना बरं वाटत नव्हतं, उलट उदास वाटत होतं. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर पहिल्या रात्री आपण घाबरून वही मिटतो. पंधरा मिनिटांचा गजर लावा, वाजला की थांबा, उठून पाणी प्या. आणि आठवडे उलटले तरी लिहिणं त्याच एका जागी गरगरत असेल, झोप-भूक हरवली असेल, तर वहीवर विसंबू नका. जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

कोणी वाचलं तर?

दोन खोल्यांच्या घरात, एकत्र कुटुंबात राहणाऱ्या बाईला हा पहिला प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. कुलूप लावलेली वही तर अधिकच नजरेत भरते. माझा अनुभव असा, की रफ वहीला मुळातच थोडं संरक्षण असतं. वर गॅस, गोळ्या, तूरडाळ असं दिसलं की उघडणारा दोन पानांत कंटाळतो. माणसांची नावं लिहू नका, तुम्हालाच कळेल अशी खूण ठेवा. फारच जिव्हारी लागलेलं असेल, तर ते सुट्या कागदावर लिहा आणि लिहून झाल्यावर फाडून टाका. लिहिण्याचा गुण कागद टिकण्यावर अवलंबून नाही.

आणि एक सुंदर वाट आहे, मोडी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राचे हिशेब, पत्रं, दस्तऐवज हात शक्य तितका न उचलता सलग लिहायच्या या लिपीत होत होते. आज ती वाचणारी माणसं विरळ आहेत. मोडीचे वर्ग चालतात, मुळाक्षरं महिन्या-दोन महिन्यांच्या सरावात हाताला बसतात. मी अण्णांच्या वडिलांच्या वह्या वाचता याव्यात म्हणून शिकायला गेले आणि आता माझ्या तीन ओळींतली तिसरी ओळ मोडीत असते. घरात कुणालाही ती वाचता येत नाही. लेक मात्र शिकव म्हणून मागे लागली आहे, म्हणून पुढे काय करायचं ते ठरवायचंय.

रविवारची खतावणी

आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं. सात दिवसांची पानं उलटा आणि पुन्हा शोधावं लागेल असं काही दिसलं, तर पुढच्या राखीव पानांवर विषय आणि पृष्ठक्रमांक लिहा. ‘गळती: १४, १९, २२’. ‘आईचं बीपी: ९, १४, २७’. ‘दिवाळीची यादी: ३१’. एवढंच. सगळं उतरवायचं नाही. तीन-चार नोंदींपेक्षा जास्त माझ्या क्वचितच होतात. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी विचारलं, चक्कर पहिल्यांदा कधी आली? मी खतावणी बघून तारीख सांगितली. वहीचे कष्ट त्या एका उत्तराने फिटले.

महिना संपला की नवं महिन्याचं पान आखायचं. जुन्या ‘या महिन्यात’मधलं जे अजून जिवंत आहे तेवढंच नव्या पानावर आणायचं.

खंड पडला तर

पडणारच. गणपतीत, आजारपणात, मार्चअखेर. माझा सर्वांत मोठा खंड एकेचाळीस दिवसांचा आहे. त्या दिवसांत अण्णा रुग्णालयात होते. परत वही उघडली तेव्हा मागचं भरून काढायचा मोह झाला आणि चार दिवस लिहून मी थकले, कारण आठवून लिहिलेल्या दिवसांत खरेपणा येत नव्हता. मग अण्णांनी केलं असतं तेच केलं. शेवटच्या नोंदीखाली एक आडवी रेघ, खाली आजची तारीख आणि एक काम: ‘औषधांची बिलं एका पाकिटात घालणे’. खंडानंतर पहिल्या दिवशी यापेक्षा जास्त लिहू नका. मागचं भरू नका. कोरं पान सोडू नका.

वही भरली की

कण्यावर पांढरी पट्टी चिकटवून ‘मार्च–ऑगस्ट’ असं लिहा आणि उभी ठेवा. आपल्या हवेत कागदाचे दोन शत्रू, ओल आणि कसर. भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या मागच्या बाजूला वह्या ठेवू नका, तिथे पावसाळ्यात ओल येते. वाळवलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत घालून फळीवर ठेवा, दर दसऱ्याला बदला. दिवाळीच्या सफाईत प्रत्येक वही हातात घेऊन पानं फडफडवा. थेट उन्हात मात्र घालू नका, शाई उडते.

लक्ष्मीपूजनाला अण्णा नव्या वहीची पूजा करत. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, खाली ‘शुभ लाभ’. मग पाडव्याला पहिली नोंद जुन्या वहीतून उचललेली असायची: ‘श्री शिल्लक’. हाती उरलेली रक्कम, तिथून नवं वर्ष. मी नवी वही सुरू करताना मळवलेलं पहिलं पान आणि खतावणीची चार पानं सोडून पुढच्या पानावर तेच दोन शब्द लिहिते आणि जुन्या वहीतलं जे सोबत न्यायचं आहे तेवढं खाली उतरवते. या वेळी सात नोंदी झाल्या. आईची पुढची तपासणी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, लेकीला मोडीची मुळाक्षरं, अण्णांच्या वह्यांना नवं लाल कापड. उरलेल्या तीन माझ्या माझ्यापाशी.